न्यूट्रल सापडत नव्हता, शेवटी दोष क्लचच्या केबलचा निघाला!

माझी पहिलीच बाईक, छोटी रेट्रो लूकवाली, गोल हेडलाईट, सीट कमी उंचीची, पाय आरामात टेकतात म्हणून घेतली आणि जाम आवडते. पण काही दिवस सिग्नलला न्यूट्रलच लागेना, क्लच पूर्ण दाबला तरी गाडी हळूहळू पुढे सरकायची, फर्स्ट टाकला की खट्‌ आवाज आणि कधीकधी बंद. मला वाटलं मलाच जमत नाहीये, नवीन आहे ना.

मग क्लच लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले (क्लच सुटायला लागायच्या आधी लिव्हर जितका रिकामा हलतो ती ढील) मोजला तर जवळजवळ ३० मिमी! बहुतेक गाड्यांत १० ते २० मिमी असतो, आपल्या मॅन्युअलमधला आकडा बघायचा. ढील जास्त असली की क्लचच्या आतल्या प्लेट्स एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत, म्हणून गाडी सरकत राहते. इंजिन थंड असताना लिव्हरजवळचा लॉकनट सैल केला, अ‍ॅडजस्टर (केबलची ढील कमी-जास्त करणारा स्क्रू) थोडा थोडा बाहेर फिरवला, १५ मिमीवर आणून नट परत आवळला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पण बघा, केबल ताणली जायला नको. आणि ढील अगदी शून्य करू नका हां, क्लच स्लिप होऊन (प्लेट्स नीट न पकडता घसरत राहून) प्लेट्स जळतात.

आता न्यूट्रल अगदी हलक्या दाबाने लागतो, खूप बरं वाटलं.