मृग लागायच्या आत: कोकणातल्या कला शाखेच्या उन्हाळी संशोधनाची आखणी

उन्हाळी संशोधनाची आखणी बहुतेक ठिकाणी विषयापासून सुरू होते. कोकणात ती तारखेपासून करावी. ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागतं. मग सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गवत येतं, पायवाटा निसरड्या होतात, पलीकडच्या वाडीला जाणारा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, भरवशाचा राहत नाही. म्हणून मृगापासून मागे मोजा. एप्रिलअखेरपासून जेमतेम पाच आठवडे मिळतात आणि त्यातले दोन प्राध्यापकांचे पेपर तपासण्यात जातात. म्हणजे विभागाच्या हाती खरे तीनच आठवडे. यात काय बसेल ते आधी ठरवा, शीर्षक नंतर.

मग कोण कधी भेटेल ते पाहा. मे महिन्यात चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेली गावची माणसं, गावी असतात, त्यामुळे एरवी मुंबईत विखुरलेलं घर एका पडवीत सापडतं. वाडीची सत्यनारायणाची पूजाही बहुधा याच दिवसांत असते. पण आंबा काढणीच्या घरात सकाळी कुणी बोलायला मोकळं नसतं, आणि जेवणानंतर म्हातारी माणसं आडवी होतात. मुलाखतीची वेळ चार ते सहा. मच्छीमारांचं गणित उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे मेअखेर त्यांची शेवटच्या फेऱ्यांची आणि होड्या वर ओढायची घाई चालते. तेव्हा प्रश्नावली पुढे केली तर दोन शब्दांत वाटेला लावतील. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाळी दुरुस्त करताना तीच माणसं तासभर बोलतात. बंदरावरचा विषय असेल तर तेवढाच जूनवर ढकला.

मराठी, इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र यांनी चार वेगळी गावं धरण्यापेक्षा एकच गाव धरावं आणि भेटींचा एकच तक्ता करावा. नाहीतर एकाच आजीला आठवड्यात चौघेजण ‘तुमचं वय किती’ विचारून येतात आणि पाचव्याला ती दार उघडत नाही. आधी गावकर आणि मानकऱ्यांना भेटा, सोबत विभागप्रमुखांचं पत्र ठेवा. शेवटची एसटी कधी परतते ते विचारून घ्या. काही गावांत संध्याकाळनंतर फक्त रात्री मुक्कामाला थांबणारी वस्तीची गाडी असते, आणि ती सकाळीच सुटते.

संमतीपत्रावर सही मागण्याबाबत सावध राहा. कोकणात अनोळखी माणसानं कागद पुढे केला की जमिनीचा दलाल आला अशी शंका येते, आणि ती अगदीच गैर म्हणता येत नाही. संमतीचा मजकूर मराठीत वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. पहिल्या भेटीत सातबारा, कूळ, वाटणी यांतलं काही विचारू नये.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल चालतो, पण तो विमान मोडवर टाका. नाहीतर नेमक्या जागी फोन वाजतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वॅव्ह फाइल ठेवली तर तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. तेवढी जागा मोकळी आहे का ते घरूनच पाहून निघा. माइकला स्पंजची टोपी हवीच, कारण खाऱ्या वाऱ्याची घरघर नंतर निघत नाही. पडवीपेक्षा माजघर बरं, पंखा बंद. जूनमध्ये पत्र्याखाली बसू नका. पत्र्यावर सर आली की माणसाचा आवाज पुरता बुडतो. कौलाखाली निदान शब्द तरी कळतात.

कातळशिल्पांचं, म्हणजे सड्याच्या खडकात खोदलेल्या जुन्या आकृत्यांचं, काम मात्र मेमध्येच, कारण तेव्हा सडा कोरडा आणि उघडा असतो. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी, कुठेही गेलात तरी सकाळी साडेसहा ते साडेआठ किंवा सूर्य कलल्यावरच फोटो काढा. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेला सावली मिळते. दुपारी बारा वाजता तोच जांभा सपाट दिसतो आणि त्यावर गुडघा टेकवत नाही. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यात खडू किंवा चुना भरण्याची खोड मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. पालापाचोळा मऊ केरसुणीनं झाडायचा, बाकी शिल्पाला हात लावायचा नाही. कशेळीच्या हत्तीसारखी मोठी आकृती एका फोटोत मावत नाही. शेजारच्या फोटोंत निम्म्याहून अधिक भाग सामाईक ठेवत पुढे सरका, मोजपट्टी प्रत्येक चौकटीत दिसू द्या.

घरोघरचे मोडी कागदही याच दिवसांत बाहेर निघतात, कारण पावसाआधी पेट्यांना ऊन द्यायची रीत आहे. कागदांना मात्र थेट ऊन नको. पडवीच्या सावलीत पांढऱ्या कापडावर एकेक पान ठेवून वरून सरळ फोटो घ्या. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनचं तर नावच नको. रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, पानं ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं परत बांधा. फाइलचं नाव वाडी-घर-रुमाल-पान असं द्या, ‘नवीन फोटो २’ असं नको. तारीख लावताना एक चूक हमखास होते. या कागदांवर येणाऱ्या शुहूर सनाचं वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. इसवी सन काढताना मृग ते डिसेंबरच्या कागदाच्या सनात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृग या काळातल्या कागदाच्या सनात ६००. सरसकट ६०० मिळवले की निम्मे कागद एका वर्षानं पुढे सरकतात.

मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचं असेल तर संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र न्या, शनिवार-रविवार धरू नका. मेच्या सुरुवातीला मुंबईकडे जाताना कोकण रेल्वेत जागा मिळते, परतीला मिळत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढा.

पावसाळा मुलाखती ऐकून लिहून काढण्याचा. पदवीच्या एका विद्यार्थ्याला पाच मुलाखती पुरे. प्रत्येकी पाऊण तास धरला तर पावणेचार तास रेकॉर्डिंग होतं, आणि बोलीच्या एका तासाला लिहायला आठ तास लागतात, म्हणजे एकूण ३० तास. दहा मुलाखतींचं आश्वासन देणारा विद्यार्थी इथेच अडकतो. लिहिण्याआधी मालवणीसाठी लेखनाचे नियम कागदावर ठरवा: ‘खंय’वरचा अनुस्वार ठेवायचा की नाही, इतकं बारीक. ‘माका’चं ‘मला’ केलं की बोलीचा अभ्यास तिथेच संपला. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.

लिहिलेला मजकूर आणि पेनड्राइव्हवरची प्रत घेऊन गणपतीत त्या घरी पुन्हा जा. चाकरमानी परत आलेले असतात. माणसांची, शेतांची, व्हाळांची (ओढ्यांची) चुकीची ऐकलेली नावं तेव्हा समोरासमोर दुरुस्त करून घेता येतात.