छोट्या लढाऊ रोबोत सर्व्हो पक्का बसवताना

लिफ्टर, म्हणजे समोरच्या रोबोला उचलणारा हात, अर्ध्या लढतीत लटका पडला की नवशिके आधी जास्त ताकदीचा सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी गिअरवाली छोटी मोटर) मागवतात. उघडून पाहिलं तर मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. गेलेलं असतं ते कानाचं (स्क्रू लावायला बाजूला आलेल्या पट्टीचं) भोक किंवा शेवटच्या गिअरचे दाते, आणि या दोन्हींचं मूळ बसवण्यात असतं. सर्व्होने फक्त फिरवायचं, झटके चेसिसने (रोबोच्या सांगाड्याने) खायचे, हे धरूनच आराखडा काढा.

१५० ग्रॅम आणि ४५४ ग्रॅमच्या वजनी वर्गांत एसजी९० किंवा धातूच्या गिअरचा एमजी९०एस हा सर्व्हो हमखास दिसतो. अंग सुमारे २३ × १२ मिमी, दोन्ही बाजूंना कान, कानांच्या भोकांमधलं अंतर २८ मिमीच्या आसपास. हे आकडे अंदाजापुरतेच धरा. एकाच नावाचे सर्व्हो वेगवेगळे कारखाने काढतात आणि मापात अर्धा मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. हातातला नग कॅलिपरने मोजूनच चित्र काढा.

आता भार कुठून येतो ते पाहा. हात वर उचलताना शाफ्टभोवती जेवढा पीळ पडतो, तेवढाच उलटा पीळ सर्व्होच्या अंगावर पडतो. एसजी९० अडकला की ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंमी (शाफ्टपासून १ सेंमीवर १.८ किलो) पीळ देतो. २३ मिमी लांबीच्या अंगाच्या दोन टोकांवर तो वाटला, तर प्रत्येक टोकाला जवळपास ८०० ग्रॅमचा दाब येतो. अंग भिंतींमध्ये घट्ट बसलं असेल तर हा दाब भिंती सहज घेतात. मोकळं असेल तर सगळा भार पातळ प्लास्टिकच्या कानांतल्या दोन स्क्रूंवर जातो, आणि भोकं लांबट होत होत फाटतात.

म्हणून आधी खोबण, मग स्क्रू. थ्रीडी प्रिंटमध्ये प्रत्येक बाजूला ०.२ मिमी मोकळीक पुरते. पूर्ण चेसिस छापण्याआधी खोबणीचा फक्त ४ मिमी उंचीचा तुकडा छापून सर्व्हो बसवून पाहा. बोटाने दाबल्यावर आत गेला आणि उलटा धरल्यावर पडला नाही, तर माप बरोबर. वायर अंगाच्या आखूड बाजूने बाहेर येते. तिथे खाच ठेवायची राहिली तर वायर चेपते आणि काही लढतींनंतर आतून तुटते. कनेक्टर पार होईल एवढी वाटही ठेवा, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला सोल्डरचे डाग सोडवत बसावं लागेल.

पीएलए या छपाईच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकमध्ये सर्व्होसोबत आलेले टोकदार स्क्रू थेट पिळू नका. दोन-तीनदा काढले-लावले की आटे जातात, आणि लढतींच्या मधल्या वेळात सर्व्हो बदलावा लागतोच. एम२चा (२ मिमी जाडीचा) स्क्रू आणि मागे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा), किंवा नटासाठी षटकोनी खाच, हे टिकतं. छापण्याची दिशाही बघा. उभ्या भिंतीचे थर स्क्रूच्या ओढीच्या दिशेने रचले असतील तर भिंत थरांमधून उघडते. टीपीयू हे रबरासारखं प्लास्टिक झटका चांगला शोषतं, पण पातळ ठेवलं तर पीळ आला की खोबणच वाकते. किमान ४ परिमिती (छपाईत बाहेरच्या भिंतीच्या रेषा) द्या.

गरम गोंद कामचलाऊ आहे, गुळगुळीत प्लास्टिकवरून तो सुटतोच. फेव्हिक्विकसारखा गोंद शाफ्टच्या फटीत झिरपला तर गिअर जाम होतात. घाईच्या दुरुस्तीत अंगाखाली डबल टेप आणि वरून दोन झिप टाय हे त्याहून बरं. मोठ्या, ४० × २० मिमीच्या सर्व्होसोबत रबरी बुशिंग आणि पितळी नळ्या येतात. नळीची रुंद कड चेसिसच्या बाजूला ठेवा, म्हणजे स्क्रू आवळताना रबर चिरडत नाही.

जास्त नुकसान होतं ते हातावर बाजूने बसणाऱ्या फटक्याने. हात नुसता हॉर्नवर (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या पट्टीवर) टांगला असेल तर तो फटका शाफ्टला वाकवतो. सर्व्होच्या समोरच्या बाजूला, शाफ्टच्या अगदी सरळ रेषेत, हाताला दुसरा आधार म्हणून एम३चा पिन द्या. रेषा जरा चुकली तरी सर्व्हो गुणगुणत राहतो आणि तापतो. त्यासाठी पिनच्या ठोकळ्याचं भोक लांबट ठेवा, आधी हॉर्नचा स्क्रू आवळा, हात हलवून पाहा, मग ठोकळा पक्का करा.

वजन परवडत असेल तर याहून चांगला मार्ग आहे. हात चेसिसमधल्या स्वतःच्या पिनवर फिरू द्या आणि हॉर्नपासून त्याला १.५ मिमीच्या पियानो वायरचा (कडक पोलादी तारेचा) दांडा जोडा. हात खाली असताना हॉर्न आणि दांडा एका रेषेत येतील अशी जागा निवडा. मग खालून बसलेला फटका शाफ्टच्या अक्षातून आरपार जातो, त्याला फिरवत नाही, आणि गिअरचे दाते वाचतात.

हॉर्न बसवण्याआधी १५०० मायक्रोसेकंदाचा सिग्नल देऊन सर्व्हो मध्यावर आणा. दोन्ही टोकांच्या मर्यादा रिमोटमध्ये अशा लावा की हात चेसिसला टेकायच्या आधी थांबेल. टेकून अडकलेला सर्व्हो सतत जास्त करंट ओढतो. ६ व्होल्टच्या सर्व्होला दोन सेलची बॅटरी थेट जोडू नका, पूर्ण चार्जला ती ८.४ व्होल्ट असते. हॉर्नचा स्क्रू धातूच्या शाफ्टमध्ये जात असेल तर थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक थेंब चालतो. तो प्लास्टिकच्या केसवर ओघळला तर केसला तडे जातात.

शेवटी हात बोटाने अडवा, रिमोटवरून क्षणभर वर उचला आणि सर्व्होकडे बारकाईने पाहा. अंग खोबणीत हललं तर मोकळीक जास्त झाली आहे. अंग स्थिर आहे पण केसच्या दोन भागांमधली फट उघडतेय, असं दिसलं तर खालचे चार लांब स्क्रू आवळा आणि वरून एक पट्टी द्या. ती फट उघडली की आतले गिअर एकमेकांपासून दूर जातात आणि दाते घसरतात.