आयटी कन्सल्टिंगमध्ये नवीन आहात? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखान्यांत ईआरपी, म्हणजे स्टोअरपासून बिलापर्यंतचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून देणं हे माझं काम. हाताखाली दरवर्षी नवी पोरं येतात. सर्टिफिकेटं चकाचक, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मालकांशी तासभर बोलून 'रिक्वायरमेंट कळली' म्हणणं. ही मी स्वतः केलीय. शिरोलीतली एक फाउंड्री होती, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट (कास्टिंग) ओतायचा कारखाना. केबिनमध्ये दोन बैठका झाल्या, चहा झाला, भट्टीत किती लोखंड जातं आणि किती कास्टिंग बाहेर पडतं ते टिपून घेतलं. मधला फरक मी बिनधास्त 'लॉस'च्या रकान्यात टाकला. महिनाअखेरीला रिपोर्ट निघाला तर १०० किलोमागं ३५ किलो माल गायब! मालकांनी स्टोअरकीपरला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत नको ते विचारलं. शेवटी मोल्डिंगचे मामा मला हाताला धरून भट्टीकडं घेऊन गेले. फोडलेल्या साच्यातलं कास्टिंग घेतलं, त्याला चिकटलेले दांडे हातोड्यानं पाडले आणि कोपऱ्यातला ढीग दाखवला. "सायेब, हे रनर-रायझर. उद्या परत भट्टीतच जातंय की. चोरी कुठली?"

स्टोअरकीपरची माफी मागितली, पण पुढं वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तेव्हापासून पहिले दोन दिवस मी लॅपटॉप उघडतच नाही. शॉपफ्लोअरवर नुसता उभा राहतो. सुपरवायझरच्या वहीचं मागचं पान आवर्जून बघतो, कारण छापील फॉर्ममध्ये न मावणारं सगळं तिथं लिहिलेलं असतं. नव्या पोरांना हे वेळखाऊ वाटतं. एआयकडून दहा मिनिटांत रिक्वायरमेंटची यादी काढून आणतात. यादी सुरेख असते, रनर-रायझर तेवढे नसतात.

'बॅकअप आहे' यावर विश्वास ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. आता एक प्रत गावाबाहेर ठेवायला लावतो आणि दर तीन महिन्यांनी ती स्वतः रिस्टोअर करून बघतो.

महिन्याच्या ११ ते २० तारखेत नवी सिस्टीम चालू करू नका. जीएसटी रिटर्नच्या धावपळीत अकाउंटंट तुमचा फोन उचलणार नाही.

'एवढं एक बटण वाढवा की'ला तोंडी हो म्हणू नका. मेल करा, मग हो म्हणा.

मिस्त्रीसमोर 'स्टेकहोल्डर' म्हणू नका.

आणि आयटम मास्टर, म्हणजे सिस्टीममधली सगळ्या पार्टची यादी. एकाच पार्टला स्टोअरमध्ये 'कव्हर' म्हणतात, मोल्डिंगला 'टोपी', बिलावर असतो ड्रॉइंग नंबर. तिन्ही नावं एका ओळीत बसल्याशिवाय मी एकही एंट्री करू देत नाही. फारच घाई करणारा कुणी असला, तर त्याला आधी स्टोअरमध्ये टोप्या मोजायला बसवतो.