बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

‘कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?’ असं सगळे विचारतात. डिस्क गेल्यावर बॅकअपमधून सगळं परत कसं आणायचं, म्हणजे रिस्टोअर कसं करायचं, हे फार थोडे विचारतात. बॅकअप घेणं बहुतेक सॉफ्टवेअरना जमतं. निवड करायची ती रिस्टोअर पाहून.

रेस्क्यू यूएसबी ‘नंतर बनवू’ म्हणणं

विंडोज नसतानाही लॅपटॉप सुरू करून बॅकअप परत आणू देणारा पेनड्राइव्ह म्हणजे रेस्क्यू यूएसबी. सर्वांत महाग पडणारी चूक हीच, आणि ती नेहमी एकाच वळणाने जाते. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं, रात्रीचं शेड्यूल लावलं, दोन वर्षं रोज हिरवी खूण दिसली. मग एके सकाळी लॅपटॉपची डिस्क, म्हणजे एसएसडी, गेली. नवी बसवली, पण विंडोजच नाही तर सॉफ्टवेअर उघडणार कुठे? धावपळ करून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर रेस्क्यू यूएसबी बनवली, तर तिला नवी एसएसडी दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. त्याचा ड्रायव्हर यूएसबीवर नसेल तर डिस्क यादीत येतच नाही. बॅकअप शाबूत असूनही माणूस हातावर हात धरून बसतो.

म्हणून सॉफ्टवेअर टाकलं त्याच दिवशी, त्याच मशीनवर, ८ किंवा १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर रेस्क्यू यूएसबी बनवा. वीम कंपनीच्या ‘एजंट’ या फुकट बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ती बनवताना या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सोबत घेण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. मग त्या यूएसबीवरून लॅपटॉप खरोखर सुरू करा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून एफ९. रिस्टोअरच्या पायरीपर्यंत जा. आतली डिस्क दिसते का? बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप दिसतो का? दोन्ही दिसलं की रद्द करून बाहेर या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी बॅकअप आहे असं धरून चालू नये.

शिवाय दर तीन महिन्यांनी एक फोटो, एक एक्सेल आणि एखादी जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून पाहायची.

सिंकला बॅकअप समजणं

गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. इथे फोल्डर उडवला की तिथेही उडतो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. चूक दोन महिन्यांनी लक्षात आली तर हाती काही लागत नाही. फुकट जागा गुगलकडे १५ जीबी, वनड्राइव्हवर ५ जीबी. घरातले फोटोच त्याहून जास्त भरतात.

विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ही फाइली वनड्राइव्हवरच पाठवतं, त्यातही डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ, म्युझिक एवढेच फोल्डर. टॅलीप्राइमचा डेटा सी ड्राइव्हच्या यूजर्स, पब्लिक फोल्डरमध्ये असतो, तो सुटतो. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या मराठी फाइली परत येतात, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहिलेला असतो, त्यामुळे मजकुराच्या जागी अगम्य खुणा दिसतात. अशा घरांनी सबंध डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, घेणारंच सॉफ्टवेअर निवडावं.

बाकीच्या

डी ड्राइव्हवर बॅकअप ठेवू नका. सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात, गेली तर दोन्ही जातात.

बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. फाइली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक करतं.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर अजिबात नको. सबंध डिस्क वाचण्याचा अधिकार तुम्ही त्याला देत असता.

मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ ला बंद झाली. जुने व्हिडिओ पाहून ती शोधत बसू नका.

डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला भरवशाचं आहे, पण १ टीबीची हार्ड डिस्क ५१२ जीबीच्या एसएसडीवर नेताना ते अडतं, डेटा १५० जीबीच असला तरी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते.

पहिला बॅकअप हळू चालतो म्हणून अर्ध्यावर रद्द करू नका, आधी पोर्ट बघा. ३०० जीबीला यूएसबी २ वर पावणेतीन-तीन तास लागतात, यूएसबी ३ वर तासाभराच्या आत होतं.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असलं तरी, चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमधला डेटा उघडाच असतो. इमेजला सॉफ्टवेअरमधूनच पासवर्ड लावा. तो पासवर्ड आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नाही.