लंडनमधील स्त्री-मताधिकाराची स्मारके कशी पाहावीत

पार्लमेंट स्क्वेअर गाठायचा, स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या मिलिसंट फॉसेट यांच्या पुतळ्याचे छायाचित्र काढायचे आणि बिग बेनकडे वळायचे, असा बहुतेक पर्यटकांचा क्रम असतो. परंतु ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याची स्मारके संसदेभोवती चालत जाण्याच्या अंतरावर विखुरलेली आहेत आणि त्यांवर वाचण्यासारखे बरेच काही चौथऱ्यांवर व कठड्यांवर आहे. त्यामुळे हाताशी निदान अर्धा दिवस ठेवावा.

सुरुवात सेंट जेम्सेस पार्क स्थानकाजवळच्या क्राइस्टचर्च गार्डन्सपासून करावी. येथील गुंडाळीच्या आकाराचे स्मारक १९७० मधले असून, उपहास, बहिष्कार आणि मारहाण सोसलेल्या सर्व स्त्री-पुरुषांना ते अर्पण केलेले आहे. जवळच्या कॅक्स्टन हॉलमध्ये चळवळीच्या सभा भरत आणि तेथून शिष्टमंडळे संसदेकडे निघत. आपणही त्याच दिशेने निघावे.

पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सर्वाधिक वेळ द्यावा. जिलियन वेअरिंग यांनी घडवलेला आणि २४ एप्रिल २०१८ रोजी अनावरण झालेला फॉसेट यांचा पुतळा हा या चौकातील स्त्रीचा पहिला पुतळा. त्यांच्या हातातील फलकावरचे, धैर्य सर्वत्र धैर्याला साद घालते अशा अर्थाचे वाक्य त्यांनी एमिली डेव्हिसन यांच्या मृत्यूसंदर्भात लिहिले होते. स्वतः फॉसेट सनदशीर मार्गाच्या, तर १९१३ मध्ये डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेलेल्या डेव्हिसन जहाल गटाच्या, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. नंतर चौथऱ्याला सावकाश पूर्ण फेरी मारावी, कारण त्यावर ५५ स्त्रिया आणि ४ पुरुष यांची नावे व छायाचित्रे आहेत. महाराजा रणजितसिंह यांची नात सोफिया दुलीपसिंह त्यांतच सापडतील. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या १९१९ मध्ये भारतीय स्त्रियांचा मताधिकार मागण्यासाठी याच संसदेपुढे आल्या होत्या, याची मराठी वाचकाला येथे आठवण व्हावी.

पुढे व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्समध्ये जहाल गटाच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांचा १९३० मधला पुतळा आहे. अनावरणाच्या वेळी पोलिसांच्याच बँडने वादन केले आणि त्याचे संचालन एथेल स्मिथ या एकेकाळी याच लढ्यात तुरुंगात गेलेल्या संगीतकार स्त्रीने केले, हा योग मोठा गमतीचा आहे. बाजूच्या कठड्यावरील दोन पदकांपैकी एकावर पँकहर्स्ट यांची कन्या क्रिस्टाबेल, तर दुसऱ्यावर तुरुंगवास भोगलेल्या स्त्रियांना पँकहर्स्ट यांच्या संघटनेकडून मिळणाऱ्या बिल्ल्याचे चिन्ह आहे. ते वाकून जवळून पाहावे.

संसदेच्या इमारतीत जायचे असल्यास भेटीची वेळ आधी आरक्षित करावी आणि सुरक्षा तपासणीसाठी वेळ राखून ठेवावा. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मेरी ब्रॅन्सन यांची २०१६ मधली काचेची प्रकाशकृती आहे. तिचा उजेड टेम्सच्या भरती-ओहोटीनुसार बदलतो, म्हणून घाईने पाहणाऱ्याला तिचे एकच रूप दिसते. त्यानंतर सेंट स्टीफन्स हॉलमध्ये लॉर्ड फॉकलंड यांचा पुतळा शोधून त्याच्या बुटांकडे निरखून पाहावे. एप्रिल १९०९ मध्ये चळवळीतील मार्जरी ह्यूम्स यांनी या पुतळ्याला स्वतःला साखळीने बांधून घेतले आणि त्यांना सोडवताना बुटाच्या टाचेवरील, घोड्याला टोचण्याचा काटा तुटला. तो आजही जोडलेला नाही.