डिस्चार्ज बुकातले नाव आधी तपासा: माजी सैनिकांच्या मुलांसाठी शिक्षणाच्या सवलतींविषयी

माजी सैनिकाच्या घरात मूल बारावीला गेले की सीईटी, क्लास आणि कॉलेजची फी यांवर रोज चर्चा होते. वडिलांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना लष्कराकडून मिळालेले सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींचे पुस्तक, मात्र पत्र्याच्या ट्रंकेतून बाहेर येत नाही. माझे पहिले आणि सर्वांत कळकळीचे सांगणे असे, की निकालाची वाट न पाहता, जमल्यास दहावीनंतरच्या सुट्टीतच ते पुस्तक बाहेर काढावे आणि कुटुंबाच्या नोंदीच्या पानावरचे प्रत्येक नाव आणि प्रत्येक जन्मतारीख स्वतः वाचावी. वडिलांना विचारून भागत नाही. ते ‘सगळे बरोबर आहे’ असेच म्हणतात, कारण निवृत्तीनंतर पेन्शन सुरू झाली, कॅन्टीनचे कार्ड मिळाले आणि त्या पानाकडे पुन्हा पाहण्याचे कारणच त्यांना पडलेले नसते.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला पीएमएसएस म्हणतात ती, माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डातर्फे २००६-०७ पासून चालते. माजी सैनिकांच्या आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांच्या मुलांना व विधवांना व्यावसायिक पदवीसाठी ती मिळते. वर्षाला ५५०० शिष्यवृत्त्या असतात, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. २०१९-२० पासून मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५०० रुपये मिळतात. बारावीला किमान ६० टक्के लागतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ६० टक्के ही फक्त दारात उभे राहण्याची अट आहे. युद्धात हुतात्मा किंवा जायबंदी झालेल्यांच्या मुलांचा क्रम आधी लागतो, आणि तो तसाच लागायला हवा. अधिकारी दर्जाखालच्या सर्वसाधारण माजी सैनिकांची मुले शेवटच्या गटात येतात आणि तिथे गुणांची चुरस असते. ज्या घराचे सगळे गणित या पैशावर उभे आहे, त्या घराने हे आधीच समजून घ्यावे.

याहून कठोर अट पुढे आहे. अर्ज पदवीच्या पहिल्याच वर्षी करायचा असतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर नव्याने अर्ज करता येत नाही, अपवाद म्हणजे डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्यांसारख्यांचा. त्यामुळे पहिल्या वर्षीची मुदत एखाद्या कागदापायी हुकली, तर एका वर्षाचे नव्हे, चारही वर्षांचे पैसे जातात. अभियांत्रिकीच्या मुलीसाठी ही रक्कम १,४४,००० रुपये होते. माझ्या बाबतीत तेच झाले. लोणेऱ्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, गुण पुरेसे होते, वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले होते, आणि तरीही माझा अर्ज पुढे जाऊ शकला नाही.

कारण आमच्या बाबांच्या डिस्चार्ज बुकात माझे नावच नव्हते. माझ्या जन्माच्या वेळी ते सीमेवर होते. मुलगी झाल्याची बातमी पोहोचली, युनिटच्या कार्यालयात नोंद झाली, आणि बारसे व्हायच्या आधीच घरातल्यांनी लाडाने घेतलेले नाव ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे कुटुंबातले बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशात, गेले. जन्मतारखेच्या जागी बातमी मिळाल्याचा दिवस लागला. पुढे शाळेत माझे खरे नाव लागले, आधार कार्ड त्याच नावाने निघाले, बारावीच्या गुणपत्रिकेवर तेच छापून आले. लष्कराच्या कागदावर मात्र बाबांना एक वेगळीच मुलगी होती, वेगळ्या नावाची आणि वेगळ्या तारखेला जन्मलेली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी टेबलावरच्या काचेवर डिस्चार्ज बुक आणि माझी गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीचे टोक एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेले. निळ्या शाईतले ते अक्षर मला आजही दिसते. ते एवढेच म्हणाले, ‘ही नोंद तुझी आहे हे मला कळतंय गं, पण ते कागदावर दिसायला हवं.’

हा सापळा कोकणातल्या घरांत जास्त खोल आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. त्यामुळे आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, डिस्चार्ज बुकात सासरचे आणि आधार कार्डावर या दोहोंपैकी कोणतेही एक, असे होऊन बसते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचेही नाव छापलेले असते, त्यामुळे ही तफावत लपत नाही. दुसरी गोष्ट आडनावाची. सावंत, वाडकर, वारंग अशी आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘व’साठी कोणी एक अक्षर वापरते, कोणी दुसरे, गावच्या शाळेने एक धरलेले असते आणि पलटणीतल्या बाबूने दुसरे. काही घरांत तर मूळ आडनाव एक असते आणि भरती होताना गावावरून पडलेले आडनाव लागलेले असते. तिसरी गोष्ट, धाकट्या भावंडांची. वडील निवृत्त झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव डिस्चार्ज बुकात येण्याचा प्रश्नच नसतो. ते मागाहून नोंदवून घ्यावे लागते, आणि हे कोणीतरी आपणहून करील अशा समजुतीत वर्षे निघून जातात. या तिन्ही गोष्टी एकेक करून पाहा. ‘स्पर्श’ या संरक्षण दलांच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर पेन्शन आलेली असेल तर तिथला कुटुंबाचा तपशीलही याच वेळी उघडून पाहावा. डिस्चार्ज बुकात एक आणि तिथे दुसरे असे असेल तर दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागते.

दुरुस्ती होते, एवढे निश्चिंत राहा. ती सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते, आणि रेकॉर्ड ऑफिस पलटणीनुसार वेगळे असते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवणे सर्वांत चांगले, कारण त्या पत्राची आवकजावक नोंद राहते आणि पुढे विचारणा करायला क्रमांक हाती असतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुकाच्या प्रती हे लागतेच. नावात मोठा फरक असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा राजपत्रातली नोंदही मागितली जाते. प्रत्येक कागदाला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात गावातली वीज व नेटवर्क गेले की तो आणखी वाढतो. बारावीच्या निकालानंतर हे सुरू केले तर प्रवेश, वसतिगृह, फी आणि दुरुस्ती सगळे एकाच वेळी अंगावर येते. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असेल, आणि जुन्या दाखल्यांवर ती पुष्कळदा असते, तर आधी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून तिथे नाव लावून घ्यावे लागते; त्याशिवाय पुढचा कागद हलत नाही.

इथे माझे एक ठाम मत आहे. सायबर कॅफेत बसून ‘सैनिकांचे सगळे फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो पैसे घेऊन रकाने भरतो, पण डिस्चार्ज बुकातले नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का हे तो पाहत नाही, आणि अर्ज परत आला की त्याचा फोन लागत नाही. मार्गदर्शन घ्यायचे तर पलटणीच्या कार्यालयात लेखनिकाचे काम केलेला निवृत्त माणूस शोधा. गावात सुभेदारसाहेबांचा मान मोठा असतो आणि तो असलाच पाहिजे, पण कागदाच्या बाबतीत मला एका निवृत्त लेखनिकाच्या तासाभराच्या बोलण्यातून जे कळले, ते इतरांच्या ‘होईल सगळे’ या आश्वासनातून कधीच कळले नसते. जिल्हा कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिकच असतात आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी बसतात. त्यांची तारीख विचारून ठेवा म्हणजे राजापूरहून किंवा मंडणगडहून रत्नागिरी गाठायचा दिवस वाचेल.

एक गोंधळ वरचेवर होतो, तोही सांगून ठेवते. पंतप्रधान शिष्यवृत्ती याच नावाची दुसरी योजना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी आहे आणि तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. वडील सीआरपीएफ, बीएसएफ किंवा सीआयएसएफमध्ये असतील तर तिकडे जायचे. सेना, नौदल, हवाई दल किंवा तटरक्षक दलातून निवृत्त झाले असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर. नाव सारखे, दरही सारखे, त्यामुळे मुले चुकीच्या ठिकाणी अर्ज भरून निर्धास्त राहतात. आपल्या किनाऱ्यावर एकाच घरात एक भाऊ नौदलात आणि दुसरा व्यापारी जहाजावर असे सर्रास असते. व्यापारी जहाजावरची नोकरी कितीही वर्षांची असली तरी ती माजी सैनिकात मोडत नाही.

अभियांत्रिकीच्या प्रवेशातली संरक्षण दलासाठीची ५ टक्के राखीव जागांची सोय ही शिष्यवृत्तीपेक्षा वेगळी बाब आहे. महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुले ‘डीईएफ-१’ या गटात येतात, सेवेत असलेल्यांची ‘डीईएफ-२’मध्ये. हा पर्याय सीईटी कक्षाचा प्रवेश अर्ज भरतानाच निवडावा लागतो आणि त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला जोडावा लागतो. वडिलांच्या बदल्यांमुळे ज्यांचे शिक्षण परराज्यातल्या केंद्रीय विद्यालयात झाले आहे, त्यांनी वडिलांचा अधिवास दाखला आधीच काढून ठेवावा.

पीएमएसएस हुकली म्हणून सगळे संपले असे मात्र समजू नका. मी ते समजले नाही म्हणूनच शिकू शकले. हवालदार किंवा त्याला समकक्ष दर्जापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचे शैक्षणिक अनुदान मिळते. माझ्या वेळी ते महिना १००० रुपये होते; १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २००० रुपये झाले आहे. ते साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीलाही मिळते, जिथे पीएमएसएस लागू नाही. उत्तीर्ण झालेल्या वर्षासाठी ते मागायचे असते, म्हणून गुणपत्रिका हातात पडली की लगेच अर्ज करावा. आमच्या घरी खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्यातूनच थोडेफार निघाले. शिवाय राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश मिळाला तर खर्चाचा सर्वांत मोठा भार उतरतो, आणि आपल्यासारख्याच घरांतली मुले आजूबाजूला असतात.

ज्यांचे वडील युद्धात हुतात्मा झाले, बेपत्ता झाले किंवा कायमचे जायबंदी झाले, त्यांच्यासाठी १९७१च्या युद्धानंतर सुरू झालेली शिक्षण शुल्काची स्वतंत्र सवलत आहे. २०१७ साली तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली होती. देशभरातून नाराजी उमटल्यावर २०१८च्या मार्चमध्ये ती उठवली गेली. वीरपत्नींनी हे ध्यानात ठेवावे, कारण ती मर्यादा आजही असल्याचे सांगणारे लोक भेटतात.

स्वतः शिकू इच्छिणाऱ्या माजी सैनिकांसाठी एकच सूचना. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे पदवी समकक्षतेचे प्रमाणपत्र माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या गट ‘क’ पदांच्या नोकरीसाठी आहे. त्यावर एमए किंवा एमबीएला प्रवेश मिळेल असे धरून चालू नका. पुढे शिकायचे असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यावी. त्यासाठी सेनेत ज्ञानदीप, नौदलात सागरदीप आणि हवाई दलात आकाशदीप या सोयी आहेत, आणि त्यांचा लाभ सेवेत असतानाच घेणे सोपे जाते.

माझ्या धाकट्या भावाची पीएमएसएस मंजूर झाली, कारण त्याचे नाव त्याच्या दहावीच्या वर्षीच दुरुस्त करून आणले होते. त्याच्या अनुभवातून एवढे सांगते, की पहिल्या वर्षाचे पैसे आले म्हणजे पुढची वर्षे आपोआप येतात असे नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी मागच्या वर्षी किमान ५० टक्के गुण लागतात. विद्यापीठ श्रेणीगुण देत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र कॉलेजकडून वेळेत मागून घ्या. बँकखाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले ठेवा, आणि नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाईल क्रमांक पदवी हातात येईपर्यंत बदलू नका, कारण अर्जात त्रुटी निघाली की निरोप त्याच क्रमांकावर येतो.