मोठ्या फिश टँकला उतार देऊ नका: लेव्हल आणि निचऱ्यातल्या चुका

बाथरूमच्या फरशीला न्हाणीकडे उतार असतो, तसा टाकीलाही आउटलेटच्या बाजूला जरासा द्यावा, म्हणजे पाणी नीट निघेल, असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. टाकी कशीही कलली तरी पाण्याचा पृष्ठभाग आडवाच राहतो, कलते ती काच आणि ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या कप्प्याची, दातेरी कड. मग त्या कडेच्या खालच्या टोकातून पाणी धो धो वाहतं आणि वरचं टोक कोरडं राहतं. ओव्हरफ्लो उंच बाजूला आला तर आणखी वाईट: पाणी तिथवर चढेपर्यंत दुसऱ्या टोकाला ते काठाशी आलेलं असतं. उतार हवाच असेल तर तो सम्पकडे (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीकडे) जाणाऱ्या पाइपाला द्या.

बऱ्याचदा हा कल कोणी मुद्दाम दिलेलाही नसतो. गॅलरी आत घेऊन हॉल मोठा केला असेल तर त्या पट्ट्यातल्या लाद्यांना जुना उतार असतो. शंभराला एक असा उतार धरला तरी चार फुटांच्या टाकीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १२ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाणी भरलं की लगेच दिसतो.

त्यापेक्षा घातक चूक म्हणजे कल मोजणं आणि पीळ न मोजणं. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा सरळ कल माझ्या मते चालून जातो. पण स्टँडचा एकच कोपरा खाली असेल तर टाकीचा तळ तीन कोपऱ्यांवर टेकतो आणि चौथ्याचा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो. अँगलचे वेल्डिंग केलेले स्टँड तापून थोडे वाकतात, त्यामुळे नवाकोरा स्टँडही तपासायला हवा. गवंड्याकडचा पारदर्शक लेव्हलचा पाइप यासाठी स्पिरिट लेव्हलपेक्षा बरा. त्यातल्या पाण्याच्या रेषेपासून स्टँडचे चारही कोपरे किती खाली आहेत ते मोजा आणि समोरासमोरच्या कर्णावरच्या दोन-दोन कोपऱ्यांची बेरीज करा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर नुसता कल आहे, पाचर मारून निघेल. बेरजा जुळल्या नाहीत तर स्टँडला पीळ आहे किंवा फरशी खाली-वर आहे. स्टँड दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा मोजलं की दोष कोणाचा ते कळतं.

पाचर स्टँडखाली मारायची, काचेखाली कधीही नाही. घडी घातलेलं वर्तमानपत्र, पुठ्ठा, नाणी हे सगळे तात्पुरते उद्योग आहेत. पुठ्ठा भिजला की दबतो आणि नाण्याच्या एवढ्याशा जागेवर सगळं वजन येतं. कडक प्लास्टिकच्या किंवा मरीन प्लायच्या रुंद पट्ट्या वापरा. बिनफ्रेमच्या टाकीखाली थर्माकोल किंवा फोमची शीट जरूर घाला, पण तिचं काम वाळूचा कण किंवा बारीक उंचवटा सामावून घेण्याचं. वाकडा स्टँड ती सरळ करत नाही. खाली फ्रेम असलेल्या टाकीचा भार फ्रेमवरच असतो, तिथे शीट नको.

पायांखालची लादीही नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजली तर पाय तिथे नको. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी काठोकाठ भरली तर पाणीच २५५ लिटर होतं. काच, वाळू, दगड, स्टँड धरून साडेतीनशे किलो सहज. इतका भार चार छोट्या पायांवर देण्यापेक्षा खाली जाड प्लाय टाकावा, आणि टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या बाजूच्या भिंतीलगत ठेवावी.

आता निचरा. टाकी लेव्हलला असूनही पाइपातून गुडगुड आवाज येत असेल तर आधी आडवा तुकडा बघा. तो सपाट किंवा मध्ये लोंबता असला की हवा अडकते, पाणी कधी थांबतं तर कधी भसकन सुटतं. पाइप सतत उतरता ठेवा, एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावा, आणि सम्पमधलं टोक पाण्याखाली इंचभरच बुडवा. खोल बुडालेल्या टोकातून हवा बाहेर पडत नाही.

वीज गेल्यावर फरशीवर पाणी येण्याचं कारण मात्र बहुधा रिटर्नचा, म्हणजे सम्पमधलं पाणी पंपाने परत वर टाकीत नेणारा, पाइप असतो. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोटीच्या तोंडापर्यंतचं पाणी खाली ओढतो. वरच्या चार फुटी टाकीत उंचीच्या दर इंचाला १४ लिटर पाणी असतं. तोटी तीन इंच बुडालेली असेल तर ४२ लिटर. तोटी पृष्ठभागाजवळ घ्या, सायफन तोडणारं छोटं छिद्र ठेवा आणि ते शेवाळाने बुजत नाही ना ते पाहत जा. मग पंप मुद्दाम बंद करून सम्प कुठवर भरतो ते बघा. काठाशी आला तर चालू स्थितीतली पातळी कमी करा आणि तिथे चिकटपट्टीची खूण लावा.

भरलेली टाकी कललेली आढळली तर जॅक लावून उचलायचा मोह आवरा. मासे थोड्या टाकीतल्याच पाण्यासह एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावलेल्या टबात हलवा, फिल्टरचं मीडिया (आतला स्पंज वगैरे) ओलं ठेवा, मोठे दगड काढून टाकी जवळजवळ रिकामी करा आणि मगच स्टँडला हात लावा. पुन्हा भरताना आधी दोन इंच पाणी घेऊन चारही कोपऱ्यांत तळापासून खोली मोजा. वाळू आड येत असेल तर ती कोपऱ्यातून सारा. फरक दिसला तर हे दोन इंच काढणं सोपं असतं.